दुसरी तबकडी : ‘समाधी’ ते ‘अलबेला’

कात्रजच्या भूमीवर इतिहासाविषयी बोलावयाचे म्हणजे पाण्यापासून आरंभ करणे ओघानेच येते. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, येथे आंबील ओढ्याला बंधारे घालून तलाव बांधण्यात आला आणि जमिनीखालून नेलेल्या नळाने त्याचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत पोचविण्यात आले. नळात हवा खेळती राहावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. पेठेतल्या हौदावर घागर भरणाऱ्या माणसाला पाणी दिसे, हौद दिसे. नळ मात्र दिसत नसे. पाणी कोठून आले, ते आणण्यासाठी कोणी खणले, कोणी बांधले, हा प्रश्न तहानलेल्या माणसाच्या मनात सहसा उठत नाही. तो उठविणे हे इतिहासाचे काम आहे.

आजचा विषय पाण्याचा नाही, गाण्याचा आहे. पण नाते हेच आहे. अमेरिका खंडातील स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणाऱ्या लोकांच्या लोकप्रिय संगीताला आपण ढोबळपणे ‘लॅटिन’ संगीत म्हणतो. आजच्या तरुण मुलामुलींच्या कानांवर ते मोबाइलमधून पडते आणि हे काही अगदी नवे, काल-परवा आलेले प्रकरण आहे, असा त्यांचा व त्यांच्या आईवडिलांचाही समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. क्यूबा आणि ब्राझील येथला ठेका मराठी माणसाच्या घरात शिरून पाऊणशे वर्षे लोटली. तो शिरला तो एका मराठी संगीतकाराच्या हाताने आणि गोव्याच्या वादकांच्या वाटेने. हा पाहुणा घरचा कसा झाला, आणि त्याला घेऊन येणाऱ्यांची नावे कोठे गेली, या दोन प्रश्नांचा विचार आपणांस करावयाचा आहे.

प्रथम शीर्षकातील ‘दुसरी’ या शब्दाचा खुलासा करतो. गायकाच्या आयुष्यात पहिल्या तबकडीपेक्षा दुसरी तबकडी अधिक बोलकी असते. पहिलीत नवखेपणा असतो, उसनवारी असते, कधी निव्वळ दैवाचा हात असतो. आपल्याला खरोखर काय म्हणावयाचे आहे, हे दुसऱ्या वेळी ठरवावे लागते. याचे एक चांगले उदाहरण टेक्सासमधील सेलेना या गायिकेचे आहे. १९७१ साली जन्मलेल्या या मेक्सिकन वंशाच्या मुलीची बोलण्याची भाषा इंग्रजी होती. स्पॅनिश गाणी ती आरंभी शब्द घोकून म्हणत असे. १९८९ साली तिचा पहिला मोठा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला आणि १९९० साली दुसरा, ‘वेन कोन्मीगो’, म्हणजे ‘माझ्याबरोबर ये’. त्या दुसऱ्या संग्रहातील एका गाजलेल्या गाण्याचा ठेका कुंबियाचा आहे, आणि कुंबिया हे काही टेक्सासचे धन नव्हे. ते कोलंबिया देशाचे. तेथून मेक्सिको, मेक्सिकोहून टेक्सास, असा प्रवास करीत तो ठेका या मुलीपर्यंत आला आणि तिच्या तोंडी तो जणू तिच्याच अंगणातला वाटू लागला. मात्र ते गाणे तिच्या भावाने व एका सहकाऱ्याने रचले होते, हे संग्रहाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या कथेतील ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ या मात्र एका गायकाच्या तबकड्या नव्हेत. १९५० सालच्या ‘समाधी’ आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांच्या गाण्यांचे ते दोन संच आहेत. दोहोंचे संगीतकार एकच, सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. ‘समाधी’ ही हिंदुस्थानातील लॅटिन संगीताची अगदी पहिली खूण, असा दावा मी करीत नाही. हॉटेलांतून आणि नृत्यगृहांतून ते त्याआधीच वाजत होते. परंतु उसने घेणे आणि आत्मसात करणे या दोन पायऱ्या एकाच माणसाच्या कामात, लागोपाठच्या दोन वर्षांत, इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात.

त्या काळची तबकडी म्हणजे काय वस्तू होती, हेही सांगितले पाहिजे. कारण आजच्या श्रोत्याला ‘आल्बम’ हा शब्द ठाऊक असतो, वस्तू ठाऊक नसते. लाखेच्या मिश्रणाची ती काळी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. लांबलचक आलापी, अनेक कडवी, यांना तेथे जागाच नव्हती. जे सांगावयाचे ते तीन मिनिटांत सांगून मोकळे व्हावे लागे. एका चित्रपटाची दहा-बारा गाणी म्हणजे पाच-सहा तबकड्या. विलायतेत अशा तबकड्या ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी जाड पानांची पुस्तके मिळत, त्यांना आल्बम म्हणत. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी मोठी तबकडी निघाली. तिच्या एकेका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले, आणि वहीचे नाव तबकडीला चिकटले. गंमत अशी की, त्या जुन्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यत्वे आपल्याच देशातील जंगलांतून बाहेर जात असे. तेव्हा हॅवानाचे गाणे मुंबईत येण्यापूर्वी, ज्यावर ते कोरले जाई तो पदार्थ आपल्या पळसा-कुसुंबावरून तिकडे गेलेला असे!

आता ठेक्याकडे वळू. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपले ताल क्यूबा आणि ब्राझीलमध्ये नेले. तेथे त्यांची स्पॅनिश व पोर्तुगीज गाण्यांशी गाठ पडली. या मिलाफातून जे ताल निघाले त्यांच्या मुळाशी एक साधी युक्ती आहे. आठ मात्रा घ्या. आपण त्या चार-चार अशा मोजतो. त्या लोकांनी त्यांची फोड तीन, तीन आणि दोन अशी केली. श्रोत्यांनी मनातल्या मनात टाळी देऊन पाहावी : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन; प्रत्येक ‘एक’वर टाळी. मोजणी आठचीच राहते, पण मधली टाळी अपेक्षेपेक्षा किंचित लवकर पडते आणि पाय आपोआप हलू लागतो. १९३० साली क्यूबाच्या डॉन अझपियाझू यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये शेंगदाणेवाल्याच्या गाण्याची तबकडी काढली, आणि ‘रुंबा’ हा शब्द जगभर झाला. लंडनमध्ये एडमंडो रॉस, चित्रपटांत पोर्तुगालमध्ये जन्मलेली आणि ब्राझीलमध्ये वाढलेली कारमेन मिरांडा, यांनी हे वारे आणखी दूर नेले.

आपल्याकडे केरवा हा ताल आठ मात्रांचा आहे. भावगीत, भजन, लोकगीत, चित्रपटगीत, सर्वत्र तो आहे. पाहुण्या ठेक्याला आपल्या घरात बसावयास पाट मिळाला तो या केरव्याचा. तबल्याने आठ मात्रांचा केरवा धरावा आणि बाँगोने त्याच आठांची तीन-तीन-दोन अशी फोड करावी. दोघेही समेवर एकत्र भेटतात, कोणाचीही मोडतोड होत नाही. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल हाच जर आपला रोजचा ताल असता, तर हा संसार इतका सुखाचा झाला नसता. परकी गोष्ट एखाद्या समाजात रुजते तेव्हा तिला बसण्याजोगी जागा तेथे आधीपासून असते, या नियमाचे हे एक लहानसे उदाहरण आहे.

परंतु ठेका स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडीत नाही. त्याला आणणारी माणसे लागतात. ही माणसे गोव्याची होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाच रेघांची स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. प्रार्थनेला वादक हवेत, हा तिचा मूळ उद्देश. परिणाम मात्र असा झाला की, लहान खेड्यातला मुलगाही कागदावरचे संगीत घडाघडा वाचू लागला. गोव्यात पोट भरण्याची साधने थोडी. मग हे तरुण मुंबईला, कलकत्त्याला, संस्थानिकांच्या बँडांत, लष्करी बँडांत, मूकपटांच्या पडद्यापुढे आणि मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत जाऊन वाजवू लागले. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांसारखे अमेरिकन निग्रो वादक आले होते (त्या काळचा शब्द हा, आज आपण त्यांना कृष्णवर्णीय म्हणतो). त्यांच्यापासून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलला, आणि जॅझच्या बरोबरीने जगभर वाजत असलेला रुंबाही.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९४७ साली इंग्रज गेले. त्यांचे क्लब ओस पडू लागले, संस्थानेही विलीन झाली. आणि १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला. रात्रीच्या नृत्यगृहांचा धंदा बसला. हातात ट्रंपेट आहे, वाजविण्याची विद्या आहे, पण वाजवावे कोठे? दादर, अंधेरी, गोरेगाव येथल्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळा त्याच सुमारास मोठमोठे वाद्यवृंद जमवू लागल्या होत्या. गोव्याचे वादक तेथे गेले. दारूबंदीच्या कायद्याने आपल्या संगीताचे काय केले, याचा हिशेब कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

या वादकांपैकी एक अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, बारदेश तालुक्यातील हळदोणे गावचा. ट्रंपेट वाजवीत आणि चिक चॉकलेट या नावाने ओळखले जात. हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग, अशी त्यांची ख्याती होती. ते सी. रामचंद्रांचे सहायक झाले.

सी. रामचंद्रांची घडण पाहा. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि येथे पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी संगीताचे धडे घेतले. म्हणजे विष्णु दिगंबरांच्या परंपरेची रागदारी त्यांच्या कानावरून गेली होती. नट व्हावे म्हणून चित्रपटांत आले, ते साधले नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटीवादक झाले, आणि तेथून संगीतकार. १९४७ सालच्या ‘शहनाई’त त्यांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा वापर करून विलायती ढंगाचे गाणे गाजविले होते. रागदारी शिकलेला आणि तरीही शिटी वाजविण्यास न लाजणारा, असा हा माणूस होता.

१९५० साली ‘समाधी’ आला. आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील हा देशभक्तिपर चित्रपट; अशोककुमार आणि आपल्या नलिनी जयवंत त्यात होत्या. त्यातील लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांनी म्हटलेले ‘गोरे गोरे’ हे गाणे सर्वांच्या तोंडी झाले. त्याची चाल कोठून आली? १९४५ सालच्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात कारमेन मिरांडाने पोर्तो रिकोच्या चिकोविषयीचे एक गमतीचे गाणे म्हटले होते. जिमी मॅकह्यू हे त्याचे संगीतकार. एडमंडो रॉस यांचा वाद्यवृंदही ते वाजवीत असे. ‘समाधी’तील गाण्याचा मुखडा त्यावर बेतलेला आहे, दोन्ही शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. नेताजींच्या सैनिकांची कथा आणि तिच्यात हॉलिवूडमार्गे आलेली पोर्तो रिकोची चाल! ही पहिली पायरी, उसनवारीची. गाणे गोड आहे, पण ते भाड्याच्या घरात राहते.

एका वर्षाने, १९५१ साली, ‘अलबेला’ आला. मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, हे मुंबईच्या गिरणी कामगाराचे पुत्र. हाणामारीचे कमी खर्चाचे बोलपट काढणारे म्हणून त्यांची ओळख होती. सी. रामचंद्र त्यांचे जुने स्नेही. १९४२ सालच्या ‘सुखी जीवन’पासूनचे. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला आणि भगवानदादांनी गीता बालीला घेऊन ‘अलबेला’ काढला. त्याची गाणी राजेंद्र कृष्ण यांनी लिहिली. पुरुष आवाजात स्वतः सी. रामचंद्र ‘चितळकर’ या नावाने गायले, आणि बरोबर लता मंगेशकर.

‘शोला जो भडके’ हे त्यातील गाणे लक्ष देऊन ऐकावे. बाँगो आहे, ओबो आहे, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आहे. ठेका उघडपणे लॅटिन वळणाचा. पण चालीची ठेवण आपल्याकडची आहे. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखड्याशी येणे, आणि लतेच्या गळ्यातली ती बारीक मुरकी, जी कोणत्याही विलायती स्वरलिपीत नेमकी उतरविता येत नाही. ‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरींचे लॅटिन पोशाख घालून पडद्यावरही दिसतात. आणि याच संचात, याच दोन गायकांच्या आवाजांत, पिलूच्या अंगाने जाणारी ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही आहे. एका तबकडीवर बाँगो आणि दुसरीवर पाळणा, तरीही ऐकणाऱ्याला संच एकजीव वाटतो. आपल्याला कोणाचे गाणे म्हणावयाचे नाही, आपले म्हणावयाचे आहे, आणि त्यासाठी जे जे उपयोगी ते घ्यावयाचे आहे, असा निश्चय झाल्यावाचून हे घडत नाही. ‘समाधी’त चाल घेतली; ‘अलबेला’त चाल सोडून दिली आणि चालीमागची युक्ती घेतली. पहिली गोष्ट कोणीही करू शकतो. दुसरीला विद्या लागते.

यात एक खोच आहे. ही विद्या एकट्या संगीतकाराची नव्हती. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे काम असे चाले : संगीतकार पेटीवर चाल बांधी. सहायक ती स्वरलिपीत उतरवून घेई. कडव्यांच्या मधले संगीत, कोणते वाद्य कोठे वाजेल, व्हायोलिनांनी काय धरावे, ट्रंपेटने केव्हा शिरावे, हे सारे तो कागदावर मांडी, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करी, आणि मग पंचवीस-तीस माणसे एका ध्वनिग्राहकापुढे एका दमात तीन मिनिटांचे गाणे वाजवीत. कोणाची चूक झाली तर सर्वांनी पुन्हा आरंभ करावयाचा. या सहायकांत चिक चॉकलेट होते, जॉनी गोम्स होते, फ्रँक फर्नांड होते. इतर संगीतकारांकडे सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस होते. संगीतकाराला पाच रेघांची लिपी येत नसे असे पुष्कळदा घडे, आणि या मंडळींना रागाचे चलन ठाऊक नसे. दोघांनी एकमेकांना शिकविले. १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गाण्याच्या गमतीच्या शब्दांत कोंकणीचा एक तुकडा शिरला आहे, तो खोलीत बसलेल्या गोवेकर सहकाऱ्यामुळे, असे सांगतात. आणि गाणे ऐकले की ते पटते.

आता या प्रकारावर त्या वेळी आक्षेप नव्हते काय? होते, आणि ते मोठ्या माणसांचे होते. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणीचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण केसकर, ते जन्माने पुण्याचेच. चित्रपटगीते पाश्चात्त्यांच्या नकलेने बिघडली आहेत, असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२च्या डिसेंबरात तेथे अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांची चेष्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. रागसंगीताचे त्यांनी केलेले काम थोर आहे. अनेक गुणी गायक-वादकांना राजाश्रय तुटल्यावर नभोवाणीने आधार दिला, तो त्यांच्या काळात. आणि ‘समाधी’तील उसन्या चालीकडे बोट दाखवून कोणी ‘ही नक्कल आहे’ असे म्हटले असते, तर त्याला उत्तर देणे कठीण होते. त्यांची चूक एवढीच की, पहिली पायरी पाहून त्यांनी जिना मोडला. ‘अलबेला’ ही नक्कल नव्हती. तिच्यामागून दोनच वर्षांनी याच संगीतकाराने ‘अनारकली’त भीमपलासाच्या वळणाची चाल दिली, आणि पुढे १९६३ साली चीनच्या युद्धातील हुतात्म्यांचे ते गीत, जे ऐकून दिल्लीत पंतप्रधान नेहरूंचे डोळे पाणावले. बाँगोने त्यांची रागदारी बुडविली नाही.

उसनवारीविषयी बोलताना मराठी माणसाने तर फारच जपून बोलावे. आपले संगीत नाटक, ज्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, ते उभे राहिले कशावर? १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, साक्या-दिंड्यांतून आणि कर्नाटकातून घेतलेल्या होत्या. १९११च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-कजरीचे ढंग आणले. ज्या पेटीवर ही पदे बांधली ती पेटीच मुळात युरोपातून आलेली. परंतु त्या मंडळींची एक रीत होती, आणि आजच्या विषयात ती मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या संगीत नाटकाचे कोणतेही छापील पुस्तक उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले दिसतील. हे पद आम्ही अमक्या गाण्यावरून बांधले आहे, असे नाटककार उघडपणे सांगत असे. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे, आणि प्रेक्षकही त्याला चोर म्हणत नसत. सांगून घेतलेली वस्तू चोरी होत नाही.

तबकडीच्या गोल कागदावर मात्र ‘चाल’ छापण्यास जागा नव्हती. तेथे चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. फार तर कवीचे. जिमी मॅकह्यूचे नाव नाही, आणि चिक चॉकलेटचेही नाही. दूरच्याची चाल घेतली ते सांगितले नाही, आणि जवळच्याचे श्रम घेतले तेही सांगितले नाही. दोन्ही गोष्टी एकाच सवयीच्या आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला पहिल्या अन्यायाची चीड येते त्याने दुसऱ्याचीही दखल घ्यावी. सेलेनाच्या दुसऱ्या संग्रहाच्या वेष्टनावर गाणे रचणाऱ्यांची नावे होती, हे मी आरंभी सांगितले ते यासाठी. गायकाचा आवाज मोठा असतोच. पण त्यामागच्या नावांनी तो लहान होत नाही.

नावे गेली म्हणजे काय गेले, असे कोणी विचारील. पैसा गेला, हे पहिले उत्तर. वादकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे पैसे मिळत. तबकडी पुढे कितीही खपो, त्याचा वाटा नसे. १९५७ साली लेखाधिकाराचा कायदा झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचे हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याचे. संगीतकार आणि कवी यांनाही मग स्वतःच्याच गाण्यावर हक्क उरला नाही. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला आणि त्या दोघांचा वाटा सहीने काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली. सी. रामचंद्र १९८२ साली वारले होते, चिक चॉकलेट १९६७ सालीच. न्याय आला, पण दोघांपैकी कोणाच्याही दारात नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. नावे गेली की विद्येची वंशावळ तुटते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण घ्या. जन्म १९२७. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद मुंबईत उभा केला आणि स्वतःच्या रचना सादर केल्या. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला निघून गेले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. शिष्याने गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात गुंफले, आणि ते नाव घरोघर झाले. ते कोणा खऱ्या माणसाचे नाव आहे, हे मात्र हजारात एखाद्याला ठाऊक असेल. ते २०१२ साली गोव्यात वारले. नाव अजरामर आणि माणूस अज्ञात, असा हा विलक्षण प्रकार!

अलीकडे या बाबतीत थोडी जाग आलेली दिसते. २००८ साली ग्रेगरी बूथ यांनी आणि २०१२ साली नरेश फर्नांडिस यांनी या वादकांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली. हयात असलेल्या म्हाताऱ्या वादकांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदविल्या. १९९० साली मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी अनेक वर्षे खपून काम केले. गोव्यात ख्रिस पेरी आणि लोर्ना कोर्देरो यांच्या गाण्यांवर उभा असलेला ‘नाचुया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट २०१४ साली निघाला, आणि त्या पिढीच्या वादकांची कथा घरोघर पोचली. मराठीत २०१६ साली ‘एक अलबेला’ आला. भगवानदादांना त्यांचे देणे काही अंशी मिळाले. गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत त्यांची ती पावले अजून पडतात, त्यामुळे त्यांना विसरणे तसे अवघडच होते. ज्यांच्या ट्रंपेटवर ती पावले पडली त्यांच्यावर मराठीत एखादे चांगले पुस्तक अजून व्हावयाचे आहे. पुण्यातील तरुण अभ्यासकांनी ते मनावर घ्यावे.

आणि ज्यांना पुस्तक लिहावयाचे नाही त्यांनाही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी, आजोबांच्या तबकड्या असतील. त्या टाकून देण्यापूर्वी, किंवा जतन करताना, प्रत्येकीच्या वेष्टनावर पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवावी : चाल कोणाची, मेळ कोणी बांधला, ट्रंपेट कोणाचे. जेवढे निश्चित कळेल तेवढेच लिहावे, अंदाजाने लिहू नये. आपल्या नाटककारांनी जी प्रामाणिक रीत शंभर वर्षांपूर्वी पाळली तीच ही. दूरच्या बेटावरचा ठेका आपण घेतला यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या समाजाला घेता येत नाही तो वाळून जातो. घेतल्यावर देणाऱ्याचे नाव मात्र घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.